नापासताई आणि तडकलेलं जहाज

माझ्या थोरल्या बहिणीला कारखान्यात नापासताई म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर होतं आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. "नाव कामावरून पडलंय. कामचुकार म्हणाले असते तर भांडले असते," एवढंच ती एकदा म्हणाली.

आमचा कारखाना गणवेशाची पितळी बटणं आणि बिल्ले काढायचा. मी प्रेसवर होतो. पोलादाच्या ठोकळ्यावर चित्र उलटं कोरलेलं असतं, त्याला डाय म्हणतात. खाली पितळेची चकती ठेवायची, पेडल दाबायचं, वरून डाय बसते आणि चकतीवर चित्र उठतं. डायमध्ये जे खोल ते बटणावर उंच, डायमध्ये जे उंच ते बटणावर खोल. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

प्रेसच्या रांगेपलीकडे जाळीआड तपासणीचं टेबल होतं. तिथे ताई बसायची. माझा माल तिच्याकडे जायचा आणि पुष्कळदा तसाच परत यायचा. सख्खा भाऊ म्हणून तिनं एक बटण कधी सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कुरकुरलो की म्हणायची, "घरी तू धाकटा. इथे तू चार नंबरची प्रेस."

तिची पद्धत साधी होती, पण ती अंगी बाणवायला वर्षं गेली. दिवा कधी डोक्यावर घ्यायचा नाही, बाजूला तिरका लावायचा. तिरक्या उजेडात खोट लपत नाही, तिची सावली पडते. ट्रेमध्ये बटणं पसरायची, ट्रे सावकाश फिरवायचा आणि एकेका बटणाकडे टक लावून बघत बसायचं नाही. वेगळं असतं ते आपण होऊन डोळ्यात खुपतं. नवीन मुलींना ती एकच गोष्ट परत परत सांगायची. "एकाच नगावर डाग असला तर हाताळणीत बघा. सगळ्या नगांवर त्याच जागी असला तर डाय बघा."

नापास झालेल्या नगावर ती लाल रंगाचा ठिपका द्यायची. नुसतं बाजूला काढून भागत नसे, कारण पाळी संपताना आकडा भरायला कोणीतरी तोच माल गुपचूप चांगल्या ट्रेमध्ये लोटायचं. लाल लागलं की तो रस्ता बंद. तिच्या टेबलाखाली रंगाचा डबा आणि काडी कायम असे. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख बारा महिने लाल. बसमध्ये बायका म्हणायच्या, एकच नख रंगवायची ही कसली फॅशन?

शिंपीमास्तर आमच्या आयुष्यात आले ते अशाच एका बटणावरून. ते गणवेश शिवायचे आणि बटणं आमच्या कारखान्याची वापरायचे. एके दिवशी फाटकावर उभे राहून त्यांनी तपासणीवालीला बाहेर बोलावलं आणि तळहातावर बटण धरलं.

"हे तुम्हीच पास केलंत?"

ताईनं बटण उलटं केलं, मागची कडी दोन बोटांत धरून पिळली. कडी हातात आली.

"नापास," ती म्हणाली. "बाकीची कुठायत?"

"दुकानात. पण मी तेवढं एकच..."

"चला."

सुटी झाल्यावर ती त्यांच्या दुकानात गेली आणि अख्खा खोका तपासूनच उठली. मास्तर पुढे सगळ्यांना सांगायचे, "मी तक्रार घेऊन गेलो आणि ही बाई माझंच दुकान उपसून आली." तेव्हापासून आमचं जाणं-येणं सुरू झालं.

मास्तरांना जुन्या नाण्यांचा नाद होता. सगळ्या नाण्यांचा नाही, फक्त जहाजाच्या नाण्याचा. आमच्या जन्माआधी चालणारं चांदीचं नाणं. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला आकडा आणि साल. मास्तरांनी जाड निळी मखमल घेतली होती आणि प्रत्येक सालासाठी तिला गोल भोक पाडून कडेनं काजाचा टाका घातला होता. मागून अस्तर. नाणं त्या काजात अलगद बसायचं आणि पडायचं नाही. असे टाके मी दुसऱ्या कोणाच्या हाताचे पाहिलेले नाहीत. खालच्या रांगेतलं शेवटचं काज रिकामं होतं.

ते काज तडकलेल्या जहाजाचं. एका साली टाकसाळीची डाय तडकली आणि ते ध्यानात येईपर्यंत थोडी नाणी त्याच डायखालून गेली. त्या नाण्यांवर डोलकाठीच्या टोकापासून कडेपर्यंत एक बारीक उठावदार रेघ आहे. नाणीवाले त्याला नुसतं 'तडा' म्हणतात. "मास्तरांकडे तडा नाही," असं कोणी म्हटलं की मास्तर लांबोडं तोंड करून चहा ढवळत बसायचे.

ताईला नाण्यांतलं काही कळत नव्हतं. तिला शिकवलं मास्तरांनीच. वजन कसं घ्यायचं, कडेच्या खाचा कशा बघायच्या, साच्यात ओतलेल्या खोट्या नाण्याच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं कुठे सापडतात, जुन्या चांदीवरची काळसर साय का पुसायची नाही. हे शेवटचं तिच्या पचनी पडेना. कारखान्यात आम्ही काहीही हातात आलं की आधी पुसून मग बघायचो. पहिल्याच दिवशी तिनं पदर नाण्याकडे नेला आणि मास्तर ओरडले, "अहो ताई! खून कराल त्याचा!"

आम्ही दोघं निवृत्त झालो. मास्तरांचं दुकान चालू होतं. मग त्यांना काचबिंदू निघाला. आधी बाजूचं दिसेना, मग मशीनवरची सुई कपड्याला सोडून बोटाला लागू लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, औषधाच्या थेंबांनी राहिलेली तेवढी काही काळ टिकेल. मास्तर म्हणाले की कुलुपाच्या भोकातून बघितल्यासारखं दिसतं. मशीनवर त्यांनी कापड टाकलं. माझ्यासमोर त्यांनी एकच गोष्ट बोलून दाखवली.

"भाऊ, ते एक काज भरलेलं बघायचंय. हातानं चाचपून नाही. डोळ्यांनी."

त्यांना आता नाणं पारखता येत नव्हतं. ते काम ताईकडे आलं.

नाणी हल्ली फोनवर विकतात. फोन ताईच्या सुनेच्या हातात. ही मुलगी पार्सलच्या कचेरीत काम करते आणि बोलण्यात कोणाला हार जात नाही. संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसायची, शेजारी ताई चष्मा नाकावर ओढून.

"नापास."

"आई, फोटो अजून उघडलासुद्धा नाही मी!"

"टेबलक्लॉथ बघ. खालच्या कोपऱ्यात चुणी आहे. काल दुसऱ्या माणसाच्या फोटोत हीच चुणी होती, परवा तिसऱ्याच्या. तीन घरांत एका चुणीचा टेबलक्लॉथ असतो होय?"

"हे? ह्यानं लिहिलंय, शंभर टक्के अस्सल, आजोबांच्या पेटीत सापडलं."

"आजोबांना सांग, कडेचा फोटो पाठवा."

सून लिहायची. आजोबांची पेटी तिथेच बंद व्हायची.

"मामा, तुमची बहीण माणसांशी पण अशीच वागते का हो?" सून मला विचारायची.

"तुला पास केलं की नाही?"

"कुठे? अजून तपासणी चालूच आहे."

ताई वर न बघता म्हणायची, "पुढचं दाखव."

गंमत बाजूला ठेवू. हे कष्टाचं काम आहे आणि बसल्या जागचं म्हणून त्याला कोणी हलकं समजू नये. सगळं काही फोनच्या एवढ्याशा चौकोनात बघायचं असतं. विकणारा वरून लख्ख उजेड टाकतो, म्हणजे चढ-उतार पुसले जातात. ताई प्रत्येकाला तिरक्या उजेडातला फोटो मागायची, कडेचा मागायची, आगपेटीशेजारी ठेवून मागायची. दहांतले नऊ उत्तरच देत नसत. एखादा शिव्या देई. ज्याच्याकडे खरी वस्तू असते त्याला फोटो काढायचा कंटाळा येतो, पण राग येत नाही, असं तिचं निरीक्षण होतं. तिची मान धरायची. सून गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची आणि फोन काढून घ्यायची, तेव्हा कुठे थांबायची.

आणि मग एक तडा सापडला. ताईनं मागितले ते सगळे फोटो विकणाऱ्यानं दिले, बोलणं नीट, नाणं नको असेल तर परत घेईन म्हणाला. मास्तरांनी ते घेतलं. पार्सल ताईच्या घरी आलं आणि आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली.

ताईनं लोहचुंबक लावून पाहिला. चिकटला नाही. वजन बरोबर. कडेच्या खाचा सरळ आणि सारख्या. भिंगाखाली एक भोक नाही. दिवा तिरका केला तेव्हा डोलकाठीपासून कडेपर्यंत रेघ उभी राहिली, उठावदार, मध्ये जरा जाड. मला ती बघताच पटली. तडकलेली डाय मी आयुष्यभर पाहिली होती. तडा म्हणजे डायमधली खोल फट, तिच्यात धातू शिरतो, म्हणून वस्तूवर रेघ उंच येते. रेघ ओरखडून काढलेली असती तर खोल असती.

जहाजाच्या मागच्या टोकाशी एक लहानशी खोक होती. ताईनं ती नखानं चाचपली, भिंगाखाली धरली. मग सुनेला सांगून दुसऱ्या एका विक्रेत्याकडच्या तड्याचा फोटो उघडायला लावला. त्या नाण्यालाही खोक होती. तशीच, त्याच जागी.

"दोन्ही नगांवर एकाच जागी," ताई म्हणाली. "म्हणजे खूण डायची आहे. दोन्ही एकाच डायची लेकरं. मास्तर, पास."

मास्तरांनी तिथेच टाळी वाजवली. दुकानात जाऊन त्यांनी नाणं काजात बसवलं, मखमल चौकटीत घालून मशीनच्या वरच्या भिंतीवर लावली आणि येईल त्या जुन्या गिऱ्हाईकाला, वाण्याला, पोस्टमनला दाखवू लागले. मी गेलो की मला खिडकीशी उभं करायचे. "भाऊ, बघा, बघा ना." मान इकडे तिकडे करून ते ती रेघ कुलुपाच्या भोकात पकडायचे आणि हसायचे.

पुढे काही आठवड्यांनी ताई सकाळी माझ्याकडे आली. चहा नको म्हणाली. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"धाकट्या, तुझ्या डायला काय काय व्हायचं, सांग."

"झिजायची. तडकायची. कोपरा उडायचा. खड्डा पडायचा."

"उंचवटा?"

"म्हणजे?"

"डायच्या अंगावर कधी उंचवटा आलेला पाहिलास? आधी नव्हता आणि मग आला, असा?"

"पोलादाला काय फोड येतो? डायचं पोलाद झिजून कमीच होतं. वर येईल कुठून?"

मग तिनं फोन पुढे केला. सुनेनं तिसरा तडा शोधला होता, झिजलेला, काळवंडलेला. त्यालाही मागच्या टोकाशी तीच खोक.

"ही खोक खोल आहे," ताई म्हणाली. "मी नखानं चाचपली होती तेव्हाच कळायला हवं होतं. खोल खूण डायची असायची तर डायवर उंचवटा हवा. आणि डायला उंचवटा येत नाही."

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. तिनं मोरीतून साबणाची वडी आणली, घरातलं एक जुनं नाणं तिच्यात दाबलं आणि काढून घेतलं. नाण्यावर जिथे ठोक्याची खळी होती तिथे साबणावर टेकाड आलं होतं. आता ह्या साबणातून शंभर नाणी काढली तरी शंभरांवर ती खळी येणार.

असं झालं होतं. कोणाकडे तरी एक खरा तडा होता. तो कधीतरी पडला, कशावर तरी आपटला आणि त्याला खोक पडली. त्या खऱ्या नाण्यावरून कोणीतरी डाय बनवली, चांगली चांदी आणली आणि नाणी ठोकली. डायमध्ये जहाज आलं, रेघ आली, साल आलं आणि एका नाण्याचं ते पडणंही आलं. एकच नाणं पडलं होतं, मार सगळ्यांना लागला होता.

"रेघसुद्धा बघ," ती म्हणाली. "तिन्हींवर बरोबर तेवढीच. खरी डाय तडकत जाते. आज एवढी, उद्या तेवढी. ही वाढलीच नाही."

कारखान्यात सगळ्या नगांवर सारखी असलेली खूण म्हणजे डायची, हा धडा तिनं आयुष्यभर शिकवला होता. तो खराच होता. फक्त कोणाची डाय, ते तिनं विचारलं नव्हतं. आमच्यासारख्यांकडूनच अशी चूक होते. बाहेरच्या माणसाला खोक दिसली असती आणि तो शंका घेऊन परत गेला असता.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? नापास. चल."

मास्तर खिडकीशी बसले होते. ताई बसलीसुद्धा नाही.

"मास्तर, तडा नापास आहे. मी पास म्हटलं, ते चुकलं."

मास्तरांनी मांडीवरचा टेप गुंडाळला, परत उलगडला.

"मी सगळ्यांना दाखवलंय हो."

"मग सगळ्यांना सांगू."

"पोस्टमनला सुद्धा?"

"त्याला मी सांगते."

"ताई," मास्तर म्हणाले, "मला ते खोटं आहे हे दिसणार थोडंच आहे? राहू द्या ना तिथेच. काज भरलेलं दिसतं. तेवढं पुरे."

मला वाटलं ती आता नरम पडेल. मी असतो तर पडलो असतो.

"तुम्हाला दिसणार नाही," ती म्हणाली. "मला दिसेल. मी रोज येते इथे."

मास्तरांनी मान खाली घातली. मग उठले, चाचपत भिंतीशी गेले, चौकट उतरवली आणि नाणं स्वतःच्या अंगठ्यानं काजातून बाहेर ढकललं. आम्ही हात लावायला गेलो तर, "राहू द्या," म्हणाले.

संध्याकाळी ताईच्या टेबलावर त्याचा निकाल लागायचा होता. विकणारा शब्दाला जागत होता. नाणं आहे तसं परत करा, पैसे घ्या, म्हणाला. त्याचं नाव सुनेनं त्या विक्रीच्या ठिकाणी कळवलं होतं, तिन्ही फोटो जोडून. एक जाहिरात तिथून हटवली गेली, दोन तशाच राहिल्या.

"मग परत करू आणि मोकळे होऊ," सून म्हणाली.

ताई नाण्याकडे बघत होती. "परत गेलं की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर. त्याच्याकडे चुंबक असेल, वजनकाटा असेल आणि तो म्हणेल, पास." तिनं नाणं मास्तरांच्या हातात दिलं. "पण पैसे तुमचे गेलेत. ठरवा तुम्हीच."

मास्तर म्हणाले, "त्या पहिल्या बटणाच्या वेळी विचारलं होतंत मला?"

"बटण कारखान्याचं होतं. हे तुमचं आहे."

मास्तरांनी खोक नखानं शोधली. सापडली तसं नाणं टेबलावर ठेवलं.

"लावा लाल."

घरात रंगाचा डबा नव्हता. सून आतून नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. "आई, ही महागातली आहे हं." ताईनं जहाजाच्या बरोबर शिडावर ठिपका दिला, उलटून आकड्यावर दिला आणि वाळेपर्यंत तिथून हलली नाही. तिच्या तर्जनीचं नख परत लाल झालं होतं. ते नाणं अजून तिच्या डब्यात आहे. नवीन नाणं आलं की ती आधी ते बाहेर काढून समोर ठेवते.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेला सांगितलं, "आता तडा शोधायचा नाही."

"सुटले!"

"साधी जहाजं शोधायची. त्याच सालची. सगळी."

"सगळी? आई, ती ढिगानं आहेत!"

"डाय एका ठोक्यात एवढी तडकत नाही. आधी केसाएवढी रेघ येते, डोलकाठीपाशीच. कडेपर्यंत पोचायच्या आधीची नाणी कुठे गेली? ती लोक साधं जहाज म्हणून विकतायत. त्यांना माहीतच नाही."

हे मी प्रेसवर रोज पाहिलेलं, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्या आलं.

मग खरं काम सुरू झालं. त्यावर काय लिहू? ढीग उपसायचा म्हणजे उपसायचा. जेवण झालं की टेबल पुसायचं, फोन मांडायचा आणि एकेक जहाज मोठं करून डोलकाठीचं टोक बघायचं. नाही. पुढचं. नाही. पुढचं. सून कामावर असली की मी बसायचो, आणि माझी बोटं त्या काचेवर चालत नाहीत म्हणून ताईची बोलणी खायचो. "प्रेसवर हात बरा चालायचा!" "प्रेस अशी घसरत नव्हती." मास्तर रोज विचारायचे नाहीत, पण रोज यायचे. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली की ताई स्वतः घालायची आणि त्यांच्या नजरेचा अंदाज घ्यायची. "भिंतीवरचं घड्याळ दिसतं का?" "दिसतं." "काटे?" मास्तर कधी हो म्हणायचे, कधी गप्प राहायचे.

जे सापडलं ते नाण्यांच्या ढिगातही नव्हतं. एका बाईनं वडिलांचा खण रिकामा करून सगळं एकत्र विकायला ठेवलं होतं. बिनकामाच्या किल्ल्या, परदेशी सुटी नाणी, एक कंपास आणि मळकं, कडेला चेपलेलं जहाज. फोटो अंधुक. डोलकाठीच्या टोकाशी काहीतरी होतं. घाण असेल, केस असेल.

सुनेनं तिरक्या उजेडाचा फोटो मागितला. बाईचं उत्तर आलं, "कसली रेघ? मला त्यातलं काही कळत नाही. थांबा, खिडकीत ठेवून काढते." फोटो आला. खिडकीच्या उंबऱ्यावर जहाज, सकाळचं ऊन आडवं पडलेलं, आणि डोलकाठीच्या टोकातून निघून शिडाच्या पलीकडे जरासं जाऊन विरून गेलेली रेघ.

"मामा," सून हळूच म्हणाली, "आई बोलत का नाहीत?"

ताईनं त्या बाईला खरं काय ते कळवायला लावलं. तुमच्या खणात तडा आहे, त्याचा भाव वेगळा आहे, आमच्याशी नीट बोलून ठरवा. सून कपाळावर हात मारून घेत होती, पण लिहीत होती. बाई भली निघाली. ठरलं.

पार्सल आलं त्या दिवशी मास्तर दारातच उभे होते.

"पास?"

"अजून पुडकंसुद्धा फोडलं नाही."

तिनं सगळं पहिल्यापासून केलं. चुंबक, वजन, कडा, भिंग. अंगावरचा प्रत्येक ओरखडा बघून ठेवला आणि सुनेला बसवून दुसऱ्या कुठल्या जहाजावर तेच ओरखडे आहेत का ते शोधलं. एकही जुळला नाही. प्रत्येक खूण ह्याच नाण्याची होती. मास्तर खुर्चीत चुळबुळत होते.

"आता तरी बोला!"

"आज नाही."

"ताई, माझे डोळे थांबायचे नाहीत."

"म्हणूनच घाई करत नाही. एकदाच दाखवायचंय तुम्हाला."

नाणं लाल ठिपक्याच्या नाण्याशेजारी तिच्या डब्यात राहिलं. ती ते सकाळी बघायची, दुपारी बघायची, मला दाखवायची. "धाकट्या, ही रेघ डायची?" "डायची." "खात्रीनं?" "अगं हो, खात्रीनं." मग मला पुढे काही न विचारता ती ते परत ठेवायची.

रविवारी सकाळी तिनं निरोप धाडला नाही, स्वतःच मास्तरांकडे गेली. मी आणि सून मागे. दुकानात दिवा आधी बाजूला घेतला, खाली केला, मास्तरांची खुर्ची सरकवली, त्यांची मान दोन्ही हातांनी धरून जिथे दिसतं तिथे वळवली आणि नाणं तिथे धरलं.

"पास," ती म्हणाली.

मास्तरांनी आधी डोळ्यांनी बघितलं. पुष्कळ वेळ. मग अंगठ्याचं नख डोलकाठीवरून नेलं, रेघेवर आलं, रेघेवरून गेलं आणि पुढे गुळगुळीत चांदीवर घसरलं.

"अर्धीच आहे."

"हो. अजून तडकायची होती."

"म्हणजे हे आधीचं. त्या सगळ्यांच्या आधीचं." त्यांचा आवाज एकदम दुकानदारी झाला. "भाऊ, त्या पोस्टमनला बोलवा."

चौकट उतरवली, मखमल काढली. नाणं काजात बसवलं तर ढिलं झालं. झिजून ते किंचित बारीक झालं होतं, वर कड चेपलेली. मास्तर म्हणाले, "सुई." सुनेनं दोरा ओवून दिला. त्यांनी डोळे मिटले, डाव्या बोटानं काजाची कड धरली आणि एक टाका घातला, मग दुसरा. दोरा ओढला, दातानं तोडला. नाणं पक्कं बसलं.

"ताई, कसा आलाय?"

ताई वाकली. दिवा तिरका केला, चष्मा वर-खाली केला, जुन्या टाक्यांशी ताडून पाहिला.

"वाकडा."

"नापास?"

"नापास. पण उसवू नका."